दाखल्याची खोली कुठं आहे? एका जिल्हा रुग्णालयातल्या पाट्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयातलं आहे. जिल्ह्याचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी तिथं समाजसेवा अधीक्षक आहे. माझं टेबल ओपीडीच्या तोंडाशीच असल्यामुळे ‘ताई, हे कुठं आलं?’ हा प्रश्न दिवसातून पन्नासदा तरी कानावर पडतो.

रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत. जुनी दगडी, लांब व्हरांड्याची. नवी तळमजला धरून तीन मजल्यांची. दोन्हींच्या मधून पत्र्याच्या छताची वाट जाते. नवी इमारत झाली तेव्हा बांधकाम करणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर खोल्यांना पुन्हा एकपासून क्रमांक दिले. त्यामुळे सात नंबरच्या खोल्या आमच्याकडे चार होत्या. जुन्या इमारतीतली सात म्हणजे डोळ्यांची ओपीडी. नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची सात म्हणजे दर बुधवारी जिथं दिव्यांग मंडळ, म्हणजे दिव्यांगत्व तपासून टक्केवारीचा दाखला देणारं डॉक्टरांचं मंडळ, बसायचं ती खोली.

बुधवारी सकाळी साडेसातपासून एसटीतून माणसं उतरायला लागतात. कुणी मुलाला कडेवर घेऊन, कुणी कुबड्या टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि तो याच खोलीत मिळायचा. म्हणजे ज्यांना जिना चढवत नाही, पाटी दिसत नाही किंवा हाक ऐकू येत नाही, त्यांच्यासाठीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण लिफ्टमन जेवायला गेला की तिला कुलूप.

हे आम्हाला रोज दिसत होतं. रोज दिसतं म्हणूनच बहुधा ते खटकेनासं झालं होतं.

अडचण कशी समोर आली

सुरुवात एका तक्त्याने झाली. २०२३च्या उन्हाळ्यात वरच्या कार्यालयाकडून सुगम्यतेच्या माहितीचा तक्ता आला. रॅम्प आहे का, व्हीलचेअर आहे का, वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणि एका ओळीत ‘ब्रेल फलक आहेत का? होय / नाही’. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६चा, नियम जून २०१७मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षांची मुदत होती. ती केव्हाच उलटली होती, त्यामुळे ‘नाही’ लिहायची कुणाची छाती नव्हती.

शहरातल्या एका पाट्यावाल्याला काम दिलं. त्याने ६४ पाट्या केल्या, तपकिरी रंगावर सोनेरी अक्षरांच्या, चकचकीत ॲक्रिलिकच्या. खाली ब्रेलचे ठिपके. जुन्या पाट्या जिथं होत्या तिथंच, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वर, साधारण सात फुटांवर त्या बसवल्या. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, फीत कापली. तक्त्यात ‘होय’ गेलं. फीत कापताना मीही टाळ्या वाजवल्या, हे इथं सांगायला हवं.

जानेवारीत अंध शाळेतले एक निवृत्त शिक्षक विद्यार्थ्याला घेऊन आले. आमच्याकडे आता ब्रेलमध्ये पाट्या आहेत असं मी कौतुकाने सांगितलं. सर म्हणाले, ‘दाखवा.’ मग मी घोटाळले, कारण पाटीपर्यंत त्यांचा हात पोचणार कसा? शेवटी वॉर्डातल्या मामांनी स्टूलवर चढून एक पाटी काढून दिली. सरांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, ‘मॅडम, ही काच आहे.’ ठिपके छापलेले होते, पारदर्शक थराच्या आत. दिसायला ठिपके, हाताला सपाट.

सगळ्या पाट्या तशा नव्हत्या. पहिल्या खेपेतल्या वीसेक पाट्यांवर ठिपके खरोखर उठावाचे होते. पुढच्या खेपेला खर्च वाढतोय म्हटल्यावर पाट्यावाल्याने ते छापून टाकले, कुणाला फरक कळणार या हिशेबाने. पण उठावाची पाटी वाचताना सर आणखी हसले. ‘जिल्हा रुग्णालय’च्या जागी त्यांना ‘इजल्हा रुग्णालय’ लागलं. ‘शल्यचिकित्सक’चं झालं होतं ‘शल्यिचिकत्सक’.

याचं कारण त्यांनीच उलगडून सांगितलं. भारती ब्रेल उच्चाराच्या क्रमाने चालते. ‘जि’ लिहायचा तर आधी ज, मग इ. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, आणि पाट्यावाल्यांकडच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकतातही तशीच, आधी वेलांटी, मग ज. त्या क्रमाने एकेक खूण ब्रेलमध्ये बदलली की प्रत्येक वेलांटी एक घर मागे सरकते. जोडाक्षरांचा घोळ वेगळाच, कारण अर्ध्या अक्षराची खूण ब्रेलमध्ये व्यंजनाच्या आधी येते आणि कागदावरचा पाय मोडतो तो नंतर. एका पाटीवर तर ब्रेलची पट्टीच उलटी चिकटवली होती.

एवढ्यावर हे प्रकरण पाट्यावाल्याची चूक म्हणून मिटलं असतं. पाट्या परत करायच्या, नव्या घ्यायच्या. पण त्याच महिन्यातल्या एका बुधवारी एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, शेतमजूर. पाच वर्षांपूर्वी नजर गेलेली. सोबत दहा वर्षांची मुलगी. वाजले होते साडेबारा आणि ते नऊपासून आवारात होते. गेटवरच्या पहारेकऱ्याने ‘सात नंबर’ सांगितलं, म्हणून मुलीने पाटी वाचून त्यांना जुन्या इमारतीतल्या सातच्या रांगेत उभं केलं. रांग सरकायला दोन तास गेले. आत कळलं की ही डोळ्यांची ओपीडी. मग नव्या इमारतीत तळमजल्यावरची सात, तिथं ड्रेसिंग. दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्या दिवशीची नोंदणी बंद झाली होती.

मी ब्रेल पाट्यांचा विषय काढला, का कोण जाणे. ते म्हणाले, ‘मला ठिपके कळत नाहीत, ताई. मला कुणी एवढंच सांगा की सरळ जायचं की उजवीकडे.’

मोठेपणी नजर गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरीही ६४ पाट्या करताना आमच्यापैकी कुणाच्या मनात ते आलं नाही, कारण आमच्या हातात खोल्यांची यादी होती. गेटपासून खोलीपर्यंत माणूस कसा येतो याचा कागद कुणाकडेच नव्हता.

पाच जणांसोबत फेरी

सिव्हिल सर्जन साहेबांना मी एकच गोष्ट मागितली, एक सकाळ. ब्रेलवाले सर, तो शेतमजूर, व्हीलचेअरवरून येणारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, अंशतः दिसणारे एक निवृत्त कंडक्टर आणि एक कर्णबधिर शिवणकाम करणाऱ्या ताई (त्यांच्यासोबत खुणांची भाषा जाणणारी त्यांची भाची) अशा पाच जणांना आम्ही गेटवर सोडलं आणि सांगितलं, दाखल्याच्या खोलीपर्यंत जा. आम्ही मागून वही घेऊन चाललो. मदत करायची नाही असं ठरलं होतं. मला ते फार जड गेलं.

मुलगी थेट पायऱ्यांपाशी गेली. तिथून रॅम्प दिसतच नाही, तो इमारतीच्या बाजूला आहे. रॅम्पची खूण रॅम्पवरच लावलेली होती, म्हणजे ज्याला रॅम्प सापडला त्यालाच ती दिसणार. तिला वळून परत यावं लागलं, आवारातल्या पेव्हर ब्लॉकवरून.

कंडक्टर काका पाट्यांच्या समोर उभे राहून मान वाकडी करत होते. ट्यूबलाइटचा उजेड चकचकीत ॲक्रिलिकवर पडून अक्षरांच्या जागी नुसती पांढरी पट्टी दिसत होती. बाजूला सरकल्यावर सोनेरी अक्षरं तपकिरीत बुडाली. ‘एसटीचा बोर्ड मला अजून वाचता येतो,’ ते म्हणाले, ‘तुमचा नाही येत.’

शिवणकामवाल्या ताई पाट्या बघून बरोबर पोचल्या, सर्वांत आधी. पण केसपेपरच्या खिडकीशी त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि तिन्ही वेळा त्या खिडकीकडे पाठ करून बाकावर बसलेल्या होत्या. पुकारलेलं नाव कुठं लिहून येत नसेल, तर कर्णबधिर माणसासाठी ती पाटीच गायब असते. हे माझ्या यादीत आधी नव्हतं.

जिन्यापाशी पाटी वाचणारेही अडखळले. तिथं वर तोंड केलेला बाण होता. त्याचा अर्थ ‘सरळ पुढे’ असा होता, पण जिन्याच्या तोंडाशी लावल्यामुळे कंडक्टर काका, शिवणकामवाल्या ताई आणि आमचे आर.एम.ओ. (निवासी वैद्यकीय अधिकारी) असे तिघं तो ‘वर चढा’ असा वाचून जिना चढायला लागले.

सर काठीने भिंत धरून चालले. त्यांची वाट मी नोंदवून घेतली आहे, कारण ती आमच्या कुठल्याही नकाशात नव्हती. कॅन्टीनचा भज्यांचा वास संपला की उजवी, मग वॉटर कूलरची घरघर, मग पत्र्याखालचा आवाज बदलतो, मग दार. शेतमजूर त्यांच्या खांद्याला धरून मागे. त्या दोघांना वाटेत तीन ठिकाणी अडथळा झाला: उघडं ठेवलेलं जाळीचं दार, व्हरांड्यात उभं केलेलं स्ट्रेचर आणि छातीच्या उंचीला भिंतीतून बाहेर आलेली अग्निशामक पेटी, जी काठीला खालून लागतच नाही.

समोर असलेले पर्याय

रुग्ण कल्याण समितीकडून साधारण २ लाख ८० हजार मिळू शकत होते. आधीच्या पाट्यांवर जवळपास दोन लाख गेले होते, त्यामुळे बैठकीतला सूर गोड नव्हता. समोर आलेले पर्याय असे होते.

पहिला, सगळ्या ६४ पाट्या बरोबर ब्रेलसह पुन्हा करून घेणं. तक्त्यातला ‘होय’ खरा होईल, पण शेतमजुराला काही मिळणार नाही. दुसरा एका तरुण डॉक्टरांनी सुचवला: प्रत्येक दाराशी क्यूआर कोड, मोबाइलवर आवाजात माहिती. मला हा पर्याय वाईट वाटत नाही, पण दिसत नसलेल्या माणसाने भिंतीवरचा क्यूआर शोधायचा कसा, यावर उत्तर नव्हतं. शिवाय बुधवारी येणाऱ्यांपैकी अनेकांकडे बटणांचेच फोन. तिसरा, गेटपासून सगळीकडे रेघांच्या आणि ठिपक्यांच्या उठावाच्या फरश्या, ज्या न दिसणाऱ्याला पायाने किंवा काठीने वाट सांगतात. अंदाजपत्रक मागवलं तर आकडा आमच्या निधीच्या कित्येक पट. त्यातही ठेकेदार स्टीलच्या गुंड्या लावू म्हणत होता, ज्या फिनाइलच्या ओल्या फरशीवर पाय घसरवतात. स्ट्रेचर ओढणाऱ्या मामांनी वेगळीच तक्रार केली: हाड मोडलेला पेशंट त्या फरश्यांवरून नेताना ओरडेल. ती अगदीच रास्त होती.

चौथा पर्याय तोवर कुणीच मांडला नव्हता, तो मेट्रन सिस्टरांनी मांडला. ‘खोलीच खाली आणा ना.’

बैठकीत क्षणभर शांतता झाली. मग अडचणींची यादी सुरू झाली. खाली जागा नाही, ऑडिओमेट्रीचं, म्हणजे श्रवणतपासणीचं, यंत्र वर आहे, तज्ज्ञांना वरचं सोयीचं. त्यातली यंत्राची अडचण खरी होती. बाकीच्या सवयीच्या होत्या. तळमजल्यावरची एक खोली जुन्या फायली आणि मोडक्या खाटांनी भरलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

इथला निर्णय या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा होता असं मला वाटतं आणि तो पाट्यांबद्दलचा नव्हताच. साहेबांनी ठरवलं की मंडळ खाली येईल, श्रवणतपासणी वरच राहील, आणि ज्यांना ती लागेल त्यांच्यासोबत लिफ्टने एक माणूस जाईल. पैसे एकाच वाटेवर घालायचे: गेट, केसपेपर, दाखल्याची खोली, स्वच्छतागृह. बाकी इमारत नंतर.

काय केलं

खोल्यांचे क्रमांक आधी बदलले. जुनी इमारत १ ते ३०, नवी ४१ पासून पुढे, एकही क्रमांक दोनदा येणार नाही अशी. दिव्यांग मंडळाला ४१ मिळाला, नव्या इमारतीत शिरल्यावर डावीकडचं पहिलंच दार. क्रमांक बदलायला पैसे जवळपास लागले नाहीत, पण लेखनिकांचा विरोध सर्वांत जास्त इथंच झाला, कारण साठा नोंदवह्यांत जुने क्रमांक होते. ते दोन महिने दोन्ही लिहीत राहिले.

पाट्यांवर काय लिहायचं यासाठी मी दोन बुधवार टेबलावर वही ठेवली आणि माणसं ज्या शब्दांत विचारतात ते शब्द तसेच उतरवले. ‘अपंगाचा दाखला’, ‘हँडिकॅपचं सर्टिफिकेट’, ‘टक्केवारीची खोली’. ‘दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळ’ असं एकानेही विचारलं नाही. ‘बाह्यरुग्ण नोंदणी कक्ष’ कुणी म्हणत नाही, सगळे ‘केसपेपर’ म्हणतात. ‘क्ष-किरण विभाग’ असं विचारणारा एकच निघाला, तो शिक्षक होता. आस्थापनेतल्या बाबूंचं म्हणणं होतं की शासकीय पाटीवर शासकीय संज्ञाच हवी. शेवटी मोठ्या अक्षरात ‘केसपेपर’, ‘एक्स-रे’, ‘दिव्यांग दाखला’ आणि खाली बारीक अक्षरात शासकीय नाव अशी तडजोड झाली. ‘अपंग’ की ‘दिव्यांग’ यावर मी पाचही जणांना विचारलं. तिघांना फरक पडत नव्हता, मुलगी म्हणाली ‘दोन्ही नकोत, दाखला लिहा’, आणि सर म्हणाले की जो शब्द फॉर्मवर आहे तोच पाटीवर ठेवा, नाहीतर माणूस गोंधळेल. सरांचं ऐकलं.

हाताने वाचायच्या पाटीसाठी सुताराकडून नमुने कापून घेतले. पहिल्यात उठावाची देवनागरी अक्षरं, दुसऱ्यात उठावाचा आकडा, तिसऱ्यात ब्रेल. शिरोरेषेने सगळी अक्षरं वरून बांधलेली असतात, त्यामुळे बोटाला एक अखंड पट्टी लागते आणि अक्षर कुठं संपलं ते कळत नाही. शेतमजुराने ‘दाखला’ वाचायला इतका वेळ लावला की शेवटी तोच कंटाळला. आकडा मात्र त्याने लगेच सांगितला. इथं आणखी एक गंमत झाली. नमुन्यावर देवनागरी ‘१’ होता आणि त्याने तो ‘नऊ’ सांगितला, कारण इंग्रजी नऊचं आणि आपल्या एकाचं वळण बोटाला सारखंच. मग आकडे इंग्रजी ठेवायचे की देवनागरी? फोनची आणि लिफ्टची बटणं इंग्रजी आकड्यांची आहेत म्हणून उठावाचा आकडा इंग्रजी ठेवला, शेजारी रंगवलेला मोठा आकडा देवनागरीत. माझ्या मराठीप्रेमी सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. मलाही फारसं आवडलं नाही, पण बोटांनी दिलेला कौल स्पष्ट होता.

तर पाटीची रचना ठरली अशी: वर उठावाचा आकडा, मध्ये मोठा रंगीत मजकूर, खाली ब्रेल. पाटी दारावर किंवा दाराच्या वर लावायची नाही. दाराच्या कडीच्या बाजूच्या भिंतीवर, पाटीचा मध्य जमिनीपासून ५४ इंचांवर. अमेरिकी नियमांत हाताने वाचायच्या अक्षरांसाठी ४८ ते ६० इंचांचा पट्टा दिला आहे, आम्ही त्याचा मध्य धरला. व्हीलचेअरवरच्या मुलीचा हात तिथं पोचतो आणि उभ्या माणसाला वाकावं लागत नाही. ब्रेलचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथं वेलांटी अक्षरानंतरच साठते अशा पद्धतीने, टंकून घेतला आणि पाट्या करायच्या आधी सरांनी प्रत्येक ओळ कागदावर तपासली. त्यांना मानधन दिलं. त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष नव्हतं, म्हणून साहेबांनी समितीच्या ‘इतर’ खर्चातून ते काढलं.

दुरून वाचायच्या पाट्यांना गडद निळ्यावर पांढरी अक्षरं, चकाकी नसलेल्या पत्र्यावर. रंग ठरवताना मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघायचो. आपत्कालीन विभागाच्या जुन्या हिरव्या पाटीवरची लाल अक्षरं त्या फोटोत चक्क नाहीशी झाली.

अक्षराच्या उंचीवर पाट्यावाल्याशी वाद झाला. आम्ही १०० मिलिमीटर सांगितलं होतं आणि त्याने १०० मिलिमीटरच दिलं, पण वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजून. प्रत्यक्ष अक्षराचं अंग जेमतेम निम्मं उरलं. इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची सांगितली की काम भागतं. देवनागरीत ‘शिरोरेषेपासून क च्या पायापर्यंत’ असं करारात लिहावं लागतं. दुसऱ्या खेपेला लिहिलं.

रॅम्पची पाटी गेटवर आली, पायऱ्या दिसायच्या आधी. वर तोंडाचे बाण जिन्याजवळून काढले. तिथं आता ‘सरळ’ असं शब्दात आहे, आणि वर जायचं असेल तिथं ‘जिन्याने वर’. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीआधी ठिपक्यांच्या फरश्यांची एकेक पट्टी, आणि गेटपासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत रेघांची एकच वाट. केसपेपरला टोकनचा लाल आकड्यांचा डिस्प्ले, रांगेतल्या कुठल्याही बाकावरून दिसेल असा.

सर्वांत स्वस्त काम सांगायचं राहिलंच. गेटवरचे दोन पहारेकरी आणि सफाईच्या मावशी यांना सरांनी एक तास दिला. विषय एकच: ‘तिकडे’ हा शब्द वापरायचा नाही. हाताने दाखवायचं नाही. ‘उजवीकडे वळा, वीस पावलं, डावीकडे दार’ असं बोलायचं. माणसाला ओढायचं नाही, आपला कोपर पुढे करायचा.

काय झालं

मंडळ खाली आल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी माझ्या टेबलावर ‘दाखला कुठं’ विचारणारे जाणवतील इतके कमी झाले. मी मोजणी केली नव्हती, त्यामुळे आकडा देऊ शकत नाही. तो शेतमजूर नंतर दाखला घ्यायला आला तेव्हा मुलीला शाळेत सोडून एकटा आला होता, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून गेटपर्यंत आणि तिथून पुढे स्वतः. पाटीला त्याने हात लावला का, विचारलं. म्हणाला, लावला, ४१ आहे. पण त्याआधी पहारेकऱ्यानेच पावलं सांगितली होती.

सगळं टिकलं नाही. फरशीवर रंगवलेली पिवळी रेघ चार महिन्यांत स्ट्रेचरच्या चाकांनी आणि फिनाइलने गेली. ती वाटेला पूरक म्हणून रंगवली होती, तिथं साधा ऑइलपेंट वापरणं चूक होतं. गेटवरच्या रॅम्पच्या बाणावर पल्स पोलिओचं पोस्टर चिकटलं, आमच्याच आरोग्य विभागाचं. ते काढलं तर पुढच्या महिन्यात कुष्ठरोग शोधमोहिमेचं. आता त्या पाटीशेजारी पोस्टरसाठी वेगळा फळा लावला आहे. तेव्हापासून निम्मी पोस्टरं तरी तिकडे जातात.

दरम्यान ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात २०१७च्या नियमांतला १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यामुळे सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी होऊन बसले होते. सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा असं केंद्राला सांगितलं. ती बातमी आली त्या आठवड्यात शेजारच्या दोन रुग्णालयांतून मला फोन आले, ब्रेल पाट्या कुठून केल्या म्हणून. मी दोघांना आधी दिव्यांग मंडळ कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं. एका ठिकाणी पहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

फेरी आधी काढायला हवी होती, हे उघड आहे. ते एका सकाळीचं काम होतं आणि ते आधी झालं असतं तर दोन लाख वाचले असते. त्याहून जास्त मला खुपतं ते हे की फेरीत आम्ही पाच माणसं निवडली ती सगळी बोलकी, ओळखीची. मतिमंद मुलांच्या आया, ज्या बुधवारच्या रांगेत मोठ्या संख्येने असतात, त्यांच्यापैकी एकीलाही घेतलं नाही. त्यांच्या मुलांना गर्दीचा आणि गोंगाटाचा त्रास होतो. शांत बसायची जागा कुठं आहे हे सांगणारी पाटी आमच्याकडे नाही, कारण तशी जागाच ठेवलेली नाही.

पाटी कुणाची, हे ठरवायला हवं होतं. भिंत बांधकाम विभागाची, पाटी समितीची, सफाई ठेकेदाराची. स्क्रू सैल झालेली पाटी तीन आठवडे तिरकी होती आणि तिघांनीही ती पाहिली होती. आता माझ्याकडे एक यादी आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फिरते. पण माझी बदली झाली की ती यादी टेबलाच्या खणात जाईल. यावर मला उपाय सुचलेला नाही.

आगीच्या घंटेचा प्रश्न तसाच आहे. ती फक्त वाजते. कर्णबधिर माणसाला दिसेल असा लुकलुकणारा दिवा लावायचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे आहे. शिवणकामवाल्या ताईंच्या भाचीने फेरीच्या दिवशीच तो मुद्दा काढला होता, माझ्या वहीत तो शेवटच्या पानावर राहिला.

आणि स्वच्छतागृह. वाटेच्या कामात ते चौथं ठिकाण होतं. व्हीलचेअर वळेल असं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे, नीट आहे, दाराला आडवी कडी, आत आधाराच्या दांड्या. फक्त त्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉर्डातल्या सिस्टरांकडे. कुलूप का, तर बाहेरची माणसं वापरून घाण करतात. फेरीच्या दिवशी मुलीला किल्ली येईपर्यंत पंचवीस मिनिटं थांबावं लागलं. तेव्हाच ठरवलं की कुलूप निघेपर्यंत पाटी लावायची नाही, बंद दाराकडे कुणाला पाठवायचं नाही. सफाईच्या दोन पाळ्या वाढवून मिळाल्या की कुलूप काढू, असं बैठकीत मान्य झालं. इतिवृत्तात ते आहे. पाटी तयार होऊन आली, सरांनी तपासली, ब्रेल बरोबर आहे. ती माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे.